'उत्क्रांतीवादी' जीवशास्त्र?

एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. विद्यापीठाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचं नाव मराठीत 'उत्क्रांतीवादी जीवशास्त्र आणि जैवविविधता' असं लिहिलं तर चालेल का? आणि 'उत्क्रांती'तल्या 'उत्'मुळे सगळे जीव वर वर चढत चालल्यासारखे वाटतात, त्याचं काय?

आधी 'वादी' काढा. 'वाद' चालेल, सापेक्षतावादासारखा. तिथे त्याचा अर्थ सिद्धान्त. पण 'वादी' म्हटलं की समाजवादी, गांधीवादी आठवतात आणि जीवशास्त्रानं कुणाचा तरी पक्ष घेतल्यासारखं वाटतं. 'उत्क्रांतिजीवशास्त्र' पुरे. एकट्या शब्दात 'ती' दीर्घ, समासात पहिलं पद झालं की ऱ्हस्व. 'जैवविविधता' ठीकच आहे. 'जैववैविध्यता' मात्र नको, ते शेपटाला शेपूट.

खरी मेख 'उत्'मध्ये आहे. क्रम् म्हणजे पाऊल टाकणं; आक्रमण, अतिक्रमण, संक्रांत ही सगळी त्याचीच भावंडं. संस्कृतात 'उत्क्रान्ति' म्हणजे वर जाणं, बाहेर पडणं. ब्रह्मसूत्रांत तर जीवानं देह सोडून जाणं. मरणाचा शब्द आपण सजीवांच्या वाटचालीला दिला, गंमतच! डार्विनच्या १८५९च्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत 'उत्क्रांती'साठीचं इंग्रजी नाम 'इव्होल्यूशन' सापडतच नाही, फक्त अगदी शेवटचा शब्द, 'इव्हॉल्व्ड', त्याच्या क्रियापदाचं रूप आहे. त्याचा नेहमीचा प्रयोग होता 'फेरबदलांसह वंशावतरण'. म्हणजे तो पिढ्यांच्या जिन्यानं खाली उतरत होता, आणि आपण वर चढतोय.

मेक्सिकोतल्या काही गुहांमध्ये आंधळे मासे आहेत. बाहेर नदीत राहणारे त्यांचे डोळस भाऊबंद त्याच जातीचे. दोघांचा संकर होतो. गुहेतल्या माशाच्या भ्रूणात डोळा घडायला लागतो, मग त्यातलं भिंग मरतं आणि उरलासुरला डोळा कातडीखाली बुजून जातो. डोळे गेले, तरी ही उत्क्रांतीच.

म्हणून 'अधिक उत्क्रांत प्राणी' असं लिहू नये. 'या माशानं स्वतःला उत्क्रांत केलं' हेही नको. एकटा मासा उत्क्रांत होत नाही, पिढ्यांगणिक त्यांचा समूह बदलतो.

शब्द बदलायचा का? मी तरी बदलणार नाही. हिंदीतला 'क्रमविकास' सुचेल कुणाला, पण 'विकास' तर 'उत्'पेक्षाही प्रगतीकडे झुकलेला.