दोन वर्षांचा करार

ब्रिटनमधील एका विद्यापीठात संशोधन-सॉफ्टवेअर अभियंत्याची दोन वर्षांची नोकरी मिळत आहे, तेव्हा पत्नी आणि मुलीला घेऊन यावे का, असे आपण विचारले आहे. व्हिसाचे नियम आणि शुल्क सरकारी संकेतस्थळावर आहेतच. मला लिहायचे आहे ते त्या दोन वर्षांविषयी, कारण तो आकडा बहुधा आपल्या कामावरून नव्हे, तर अनुदानाच्या मुदतीवरून ठरलेला असतो.

या पेशाला येथे मान आहे. त्याचे नावच २०१२ साली ऑक्सफर्डच्या एका कार्यशाळेत पुढे आले आणि पुढे ईपीएसआरसी या विज्ञान-अभियांत्रिकी संशोधनाला सरकारी निधी देणाऱ्या संस्थेने या अभियंत्यांसाठी स्वतंत्र फेलोशिपही सुरू केल्या. सॉफ्टवेअर सस्टेनेबिलिटी इन्स्टिट्यूटच्या २०१४ सालच्या पाहणीत ६९ टक्के संशोधकांनी सॉफ्टवेअरवाचून आपले संशोधन शक्यच नाही, असे सांगितले होते. तरीही अनुदानाच्या अर्जात काहीतरी नवे दाखवावे लागते. 'आहे ते नीट चालू ठेवू' एवढ्यावर पैसे मिळणे फार अवघड. प्रथिनांच्या स्फटिकरचनेसाठीचा सीसीपी४ प्रकल्प १९७९ पासून टिकला, पण त्याला सरकारी निधीच्या जोडीला कंपन्यांकडून परवानाशुल्क मिळते. जगभरच्या प्रयोगशाळा ज्यावर विसंबून आहेत त्या नमपाय या आकडेमोडीच्या मुक्त सॉफ्टवेअरला विकासासाठी पहिले मोठे अनुदान २०१७ साली मिळाले, तेही अमेरिकेतील खासगी प्रतिष्ठानांकडून.

माझ्या बाबतीत झाले ते असे. सामायिक संगणकावरचा कंपायलर, म्हणजे कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, बदलला आणि फोरट्रान या जुन्या संगणकभाषेतल्या आमच्या कोडच्या चाचण्या एका रात्रीत कोसळल्या. दुरुस्तीला नऊ दिवस लागले. टाइमशीटमध्ये प्रत्येक तासापुढे प्रकल्पाचा क्रमांक निवडावा लागे आणि देखभालीला क्रमांकच नव्हता, म्हणून ते नऊ दिवस मी 'नवे मॉड्यूल' या नावाखाली भरले. वर्षअखेरीच्या अहवालात ते मॉड्यूल मागे पडलेले दिसले, आणि मुदतवाढीच्या चर्चेत नेमका तोच मुद्दा निघाला.

शाळेचे अजूनही सलते. इंग्लंडमध्ये माध्यमिक शाळेचा अर्ज ३१ ऑक्टोबरपर्यंत करावा लागतो आणि १ मार्चला शाळा कळते. माझा करार ३१ मार्चला संपत होता. मुलीला हवी ती शाळा मिळाली, घरात आनंद झाला. मुदतवाढीचे पत्र मात्र २० मार्चला आले आणि तेही सहा महिन्यांचे. तोवर मी दुसऱ्या शहरातली नोकरी स्वीकारली होती. तिथे उरलेल्या जागांतून जी शाळा मिळाली तिच्यात ती गेली. त्या पहिल्या शाळेचे नाव आमच्या घरात कोणी काढत नाही.

एकटेपणाविषयी आपण विचारले आहे. तो येतो, आणि कामाच्या रगाड्यात बराचसा विरतो. त्याची फार काळजी करू नये.

मुलाखतीत मात्र एवढे अवश्य विचारावे, की माझा पगार कोणत्या अनुदानातून निघणार, ते केव्हा संपते, आणि ही जागा मध्यवर्ती सॉफ्टवेअर गटात आहे की एका प्राध्यापकाच्या प्रकल्पात. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनने असा गट २०१२ मध्येच उभा केला. अशा गटातला माणूस एक अनुदान संपल्यावर दुसऱ्या प्रकल्पावर जाऊ शकतो. मी हे विचारले नाही, कारण विचारले तर नोकरी हातची जाईल अशी भीती वाटली. पत्नीला मी सांगितले होते, की करार दोन वर्षांचा असला तरी पुढे वाढवतात. तसे मला कोणीही सांगितलेले नव्हते.