२४ एचपीच्या मिनी ट्रॅक्टरला बॅकहो बसवावा का, आणि बसवायचा तर कोणता?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २४ एचपीचा फोर व्हील ड्राइव्ह मिनी ट्रॅक्टर आहे, लिफ्ट ७५० किलोची. द्राक्षबागेतली जुनी पाइपलाइन उकरून बदलायचीय, दोन एकरांत केसर आंब्याचे खड्डे काढायचेत, आणि बांधाकडेची चर दर पावसाळ्याआधी उपसायची असते. एक जण तीन पॉइंट लिंकेजवर (नांगर अडकवायच्या मागच्या तीन जोडांवर) बसणारा बॅकहो, म्हणजे माती उकरायचा बकेटवाला हात, स्वस्तात देतोय, दुसरा खालून फ्रेम टाकून बसवायचा म्हणतोय आणि पैसे बरेच जास्त सांगतोय. दोघंही ‘सहा फूट खोल जातो’ म्हणतात.

सांगली भागात माझं हायड्रोलिकचं वर्कशॉप आहे. होज, सिलिंडर, पंप हेच दिवसभर हातात असतं. म्हणून खोलीचा आकडा बाजूला ठेवून आधी जोडणीचं बोलतो. सहा फूट कुणाचाही जातो. ती ताकद शेवटी ट्रॅक्टरच्या कुठल्या भागावर येते, ते बघायचं.

मिनी ट्रॅक्टरला वेगळी चेसिस नसते. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स, मागचा एक्सल हे ओतीव तुकडे एकमेकांना बोल्टनं आवळलेले असतात, तोच त्याचा कणा. आता हिशेब करा. ७५ मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा) सिलिंडर १८० बार तेलाच्या दाबावर चालला तर रॉड आठ टनांच्या आसपास जोर लावतो. बूम (ट्रॅक्टरकडचा हात) आणि आर्म (बकेटकडचा हात) यांच्या लांबीमुळं बकेटच्या दातापर्यंत त्यातला थोडाच पोचतो, पण तेवढाही हलका ट्रॅक्टर मागून उचलायला पुरतो. दात दगडात अडकला आणि तुम्ही लिव्हर धरून ठेवला, की ट्रॅक्टर मधोमध वाकायला बघतो. तीन पॉइंटवर लावलेल्या बॅकहोचा सगळा मार मागच्या हाउसिंगवर येतो, कारण लिंकेजचे खालचे दोन हात आणि वरचा दांडा, म्हणजे टॉप लिंक, तिथंच अडकवलेले असतात. नांगर ओढायला ते उत्तम. असा आडवातिडवा हिसका दिवसभर खायला ते बनवलेलेच नाहीत.

आमच्याकडं असा एक ट्रॅक्टर आला होता. मालकाची तक्रार एवढीच, की क्लच हाउसिंगच्या खाली धूळ सारखी ओली होते. पुसून बघितलं तर खालच्या बोल्टच्या भोकापासून तिरकी, केसाएवढी भेग वर चढत गेलेली. ओतीव लोखंडाची ती भेग वेल्डिंगनं भरवशाची बसत नाही, हाउसिंगच बदलावं लागतं. त्यात ट्रॅक्टर मधून फोडायचा, म्हणजे मजुरी आणि दिवस दोन्ही. स्वस्त बॅकहोत वाचलेले पैसे तिथंच गेले.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. लिफ्टचे हात खाली दाबून धरत नाहीत, ते वर जायला मोकळे असतात. बकेट जमिनीत रोवून जोर दिला, की तीन पॉइंटचा बॅकहो वर उचलला जाऊ शकतो. त्याच वेळी टॉप लिंक वाकली किंवा तिची पिन निसटली, तर अख्खा सांगाडा पुढं कलतो. बॅकहोच्या सीटवर बसलेला माणूस मग ट्रॅक्टरच्या मागच्या भागात आणि लोखंडात चेपला जातो. फिरकीनं लांबी कमी-जास्त होणारी टॉप लिंक या कामाला कधीच वापरू नका. तीन पॉइंटच घ्यायचा हट्ट असेल, तर निदान टॉप लिंकच्या जागी जाड पट्ट्यांचा पक्का ब्रेस बनवून घ्या.

फ्रेमवाल्यात दोन लांब पट्ट्या मागच्या एक्सलपासून पुढच्या एक्सलच्या ब्रॅकेटपर्यंत खालून जातात आणि बॅकहोचा हिसका त्या दोन पट्ट्या घेतात. ही फ्रेम तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेली हवी. ‘सगळ्याला बसते’ म्हणणाऱ्याकडं आधी कुठं बसवलीय ते जाऊन बघा. पुढच्या टोकाला ती नुसती बंपरच्या पत्र्याला अडकवली असेल, तर तिचा उपयोग नाही. आणि ट्रॅक्टर वॉरंटीत असेल तर डीलरकडून लेखी घ्या, की ही फ्रेम लावल्यानं वॉरंटी जात नाही. तोंडी होकार सगळेच देतात.

लहान ट्रॅक्टर म्हणून मात्र बिचकू नका. १९४८ च्या सुमाराला अमेरिकेत वेन-रॉय कंपनीनं हायड्रोलिक बॅकहो विकायला सुरुवात केली, तेव्हा तो फोर्ड ८एन या शेतीच्या ट्रॅक्टरवरच बसवला होता. त्याचीही ताकद तुमच्याएवढीच, पंचविशीच्या घरात. फक्त वजन टनाच्या पुढं. तुमचा त्याहून हलका असेल, तर पुढं वजनं टाकावीच लागतील.

आता तेल. ट्रॅक्टरच्याच हायड्रोलिकवर बॅकहो जोडून देतो म्हणणारेही भेटतात. मिनी ट्रॅक्टरचा पंप मिनिटाला साधारण १५-२० लिटर तेल देतो. बूमच्या त्या ७५ मिमी सिलिंडरचा स्ट्रोक (रॉड बाहेर येण्याची लांबी) अर्धा मीटर धरला, तर भरायला सव्वादोन लिटर लागतात, म्हणजे नुसता बूम एकदा उचलायला सात-आठ सेकंद. दिवसभर असं काम करून बघा, वैताग येईल. शिवाय तेच तेल गिअरबॉक्सचंही असतं. बॅकहोच्या होजमधून आलेली घाण मग थेट गिअरमध्ये.

म्हणून पीटीओवर (इंजिनची ताकद मागं देणाऱ्या फिरत्या शाफ्टवर) चालणारा स्वतंत्र पंप आणि स्वतंत्र टाकी घ्या. पीटीओचे मिनिटाला ५४० फेरे, त्यावर फेरे तिप्पट करणारा एकास तीनचा गिअरबॉक्स आणि फेऱ्याला २० सीसी तेल देणारा गिअर पंप, म्हणजे मिनिटाला ३२ लिटरच्या आसपास. १७० बारला त्यासाठी साधारण १२ एचपी लागतात, वाया जाणारी ताकद धरून चौदा-पंधरा. तुमच्या पीटीओवर १९-२० मिळत असतील, तर जमतंय. कुणी ‘मोठा पंप टाकतो, जेसीबीसारखा पळेल’ म्हटलं तर ऐकू नका. ६० लिटरला त्याच दाबावर २३ एचपी होतात, बकेट अडकली की इंजिनच बंद पडेल. टाकी निदान ४० लिटरची हवी. एप्रिलच्या उन्हात लहान टाकीतलं तेल तापून पातळ होतं आणि दुपारनंतर बॅकहोची ताकद गेल्यासारखी वाटते. लोक पंपाला शिव्या देतात, दोष टाकीचा असतो.

खड्ड्यांचं मात्र मी वेगळंच सांगेन. ५ बाय ५ मीटरवर लावलात तर दोन एकरांत ३२० झाडं. मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डा म्हणजे एक घनमीटर, आणि उकरलेली माती फुगून सव्वा होते. १२ इंची बकेटमध्ये ३५ लिटर माती बसली तर एका खड्ड्याला छत्तीस खेपा. खेपेला अर्धा मिनिट धरलं तर अठरा मिनिटं, म्हणजे सगळ्याला जवळजवळ शंभर तास, आणि तेही मऊ मातीत. मुरूम लागला तर विचारूच नका. जेसीबीची मागची बकेट पाव घनमीटरची, पाच-सहा खेपांत खड्डा तयार. ते काम तासावर जेसीबी लावून उरका. तिथं मोकळं रान आहे, त्याला फिरायला जागा आहे. खड्ड्यांऐवजी सलग चरच काढून घेतलीत तर आणखी सोपं.

बागेत जेसीबी शिरत नाही, तिथं तुमचा बॅकहो खरा उपयोगी. वेलींच्या दोन ओळींमधल्या ९ फुटांच्या गाळ्यात पाइपलाइनची चारी एक फूट रुंद, अडीच फूट खोल काढायची, तर मीटरला आठ-नऊ बकेटी. ट्रॅक्टर पुढं सरकवायचा वेळ धरून तासाला बारा-पंधरा मीटर पडावेत. पण घ्यायच्या आधी टेप घेऊन दोन मापं काढा. पहिलं, दोन्ही जॅक (बॅकहोला दोन्ही बाजूंनी आधार देणारे पाय) खाली टेकल्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रुंदी किती. सात फुटांच्या वर गेली तर वेलीच्या खोडाशी टेकेल. दुसरं, बूम मिटल्यावर उंची किती. मांडव असेल तर तारा डोक्यावरच असतात. बकेट रिकामी करताना बूम उंच नेता येत नाही, माती आर्म लांब करून खालच्या खाली, गाळ्यातच पसरावी लागते. आधी मोकळ्या रानात हात बसवून घ्या. वेळ निवडायची तर माल निघाल्यावर, खरड छाटणीच्या आधी. तेव्हा थोडी मुळं तुटली तरी वेल सावरते.

आणि माझ्या मते सहा फुटांचा हट्टच सोडा. तुमच्या कामाला साडेचार-पाच फूट भरपूर. क्षारपड रानात निचऱ्याचे सच्छिद्र पाइप टाकतात तेही साधारण चार फुटांवर. आर्म जेवढा आखूड, तेवढं वजन कमी आणि मातीत जोर जास्त. सहाऐवजी पाच फुटांचा घेऊन वाचलेले पैसे पिनांच्या जाडीत आणि बुशमध्ये घाला. बूम हातानं डावी-उजवीकडं हलवून बघा. नव्या बॅकहोतच टोकाला बोटभर खेळ जाणवत असेल, तर वर्षभरात तो खुळखुळणार.

बकेट दोन मागा: चारीला १२ इंची दातांची, आणि चर उपसायला १८ इंची, बिनदाताची. काळी माती ओली असताना अरुंद बकेट रिकामीच होत नाही, गाळ आत चिकटून बसतो, दर दोन खेपांना उतरून फावड्यानं खरवडावा लागतो. शक्य असेल तर विकणाऱ्याला बॅकहो तुमच्याच रानात आणायला सांगा आणि पावसानंतरच्या वाफशाला चालवून बघा. त्याच्या आवारातल्या भुसभुशीत ढिगात सगळेच बॅकहो छान चालतात.