सुपरसिमेट्रीचा एकही कण सापडला नसताना तो सिद्धांत तपासता येतो का?

आपला प्रश्न असा आहे की, सर्न या युरोपीय प्रयोगशाळेच्या एलएचसी या कणांची टक्कर घडवणाऱ्या यंत्रामध्ये सुपरसिमेट्रीचा (प्रत्येक ज्ञात कणाला एक जोडीदार कण असतो, असे मानणाऱ्या सिद्धांताचा) एकही कण दिसलेला नाही, तर निव्वळ अचूक मोजमापांवरून हा सिद्धांत तपासता येतो का. येतो. जड कण प्रत्यक्ष निर्माण करण्याइतकी ऊर्जा आपल्यापाशी नसली, तरी ते आभासी रूपात, म्हणजे क्षणभरच अस्तित्वात येऊन, नेहमीच्या कणांच्या वर्तनात सूक्ष्म फरक पाडतात. तो फरक स्टँडर्ड मॉडेलने, म्हणजे मूलकणांच्या प्रचलित सिद्धांताने, वर्तवलेल्या आकड्याशी ताडून पाहायचा असतो.

बी-एस मेसॉन या अल्पायुषी कणाचे दोन म्युऑनांमध्ये (इलेक्ट्रॉनसारख्याच, पण जड कणांमध्ये) होणारे विघटन पाहा. स्टँडर्ड मॉडेलनुसार 100 कोटी मेसॉनांपैकी जेमतेम चारांच्या वाट्याला ते येते, पण सुपरसिमेट्रीच्या काही रूपांत हे प्रमाण कित्येक पटींनी वाढायला हवे होते. एलएचसीवरच्या एलएचसीबी प्रयोगाला 2012 मध्ये या विघटनाचा पहिला पुरावा मिळाला, 2015 मध्ये तिथल्याच सीएमएस प्रयोगासोबतचा संयुक्त निष्कर्ष प्रसिद्ध झाला, आणि प्रमाण स्टँडर्ड मॉडेलच्या आसपासच निघाल्यामुळे ती रूपे बाद झाली.

म्युऑनच्या चुंबकीय आघूर्णाची (तो लहानसे चुंबक म्हणून किती प्रबळ आहे, त्या मापाची) कथा मात्र इतकी सरळ नाही. अमेरिकेतील फर्मीलॅब प्रयोगशाळेच्या वलयात, 1.45 टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या म्युऑनचा फिरकीचा अक्ष त्याच्या गतीच्या दिशेपेक्षा किंचित वेगाने वळतो, त्यामुळे विघटनातून सुटणाऱ्या जास्त ऊर्जेच्या पॉझिट्रॉनांची (धनभारित प्रति-इलेक्ट्रॉनांची) संख्या साधारण दर 4.4 मायक्रोसेकंदांनी वरखाली होते. सगळे मोजमाप या लयीवर उभे आहे. 2021 मध्ये आलेला, आधीच्या ब्रूकहेवन प्रयोगाशी मिळून काढलेला आकडा तेव्हाच्या मान्य सैद्धांतिक आकड्यापेक्षा 4.2 सिग्माने (म्हणजे एकत्रित अनिश्चिततेच्या 4.2 पटींनी) जास्त होता, आणि काही शे जीईव्ही वस्तुमानाचे (प्रोटॉनच्या काही शे पट जड) सुपरसिमेट्रीचे कण ही तफावत सहज भरून काढू शकत होते. मीही त्या वेळी विद्यार्थ्यांना मोठ्या आशेने हे शिकवले. परंतु पुढे लॅटिस पद्धतीने, म्हणजे अवकाश-काळाची जाळी कल्पून संगणकावर, केलेल्या गणितांनी या आघूर्णातला क्वार्क आणि ग्लुऑनांचा (प्रोटॉनसारखे कण घडवणाऱ्या घटकांचा) वाटा अधिक असल्याचे दाखवले. 2025 मध्ये फर्मीलॅबचा अंतिम आकडा एक अब्जात 127 भाग इतक्या अचूकतेने आला, तेव्हा नव्या सैद्धांतिक आकड्याशी त्याची तफावत उरली नव्हती. आता सिद्धांताची अनिश्चितता प्रयोगाच्या सुमारे चौपट आहे, म्हणजे अडले आहे ते गणितात. तफावतीवर नवे कण उभारण्याआधी तिच्या दोन्ही बाजू तितक्याच कसून तपासायला हव्या होत्या, असे मला आज प्रामाणिकपणे वाटते.

मग सुपरसिमेट्री खोटी ठरली का? तसे म्हणता येत नाही. तिच्या अगदी साध्या रूपातही शंभराहून अधिक मुक्त प्राचल (सिद्धांत स्वतः ठरवत नाही अशा संख्या) आहेत, आणि कणांचे वस्तुमान वाढवत नेले की त्यांचा परिणाम साधारणपणे वस्तुमानाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. म्हणूनच इलेक्ट्रॉनच्या विद्युत द्विध्रुव आघूर्णाचा (त्याचा विद्युतभार एका बाजूला किती कललेला आहे, त्या मापाचा) शोध मला मोलाचा वाटतो: स्टँडर्ड मॉडेलमध्ये ते जवळजवळ शून्य आहे, तर सुपरसिमेट्रीतल्या कला-कोनांमुळे (कण आणि प्रतिकणांच्या वर्तनात फरक पाडणाऱ्या प्राचलांमुळे) ते मोजण्याइतके मोठे असू शकते, आणि त्यावरील मर्यादा एलएचसीच्या थेट आवाक्याबाहेरील वस्तुमानांपर्यंतही पोहोचतात.