सही घ्यायच्या आधी

प्रिय बाळा,

काल फोनवर म्हणालीस ना, की सोमवारी ट्रायलसाठी पहिलाच कन्सेन्ट, म्हणजे पेशंटची लेखी संमती, घ्यायचाय आणि पेशंट मेलानोमाचा, म्हणजे त्वचेच्या कॅन्सरचा, तळपायापासून सुरू होऊन लिव्हरपर्यंत गेलेला, तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय.

तुझी ट्रायल फेज वनची, म्हणजे माणसांवरच्या चाचणीचा पहिला टप्पा, त्यात मुख्यतः औषध किती डोसपर्यंत माणसाला झेपतं ते बघायचं. गाठ लहान झाली तर आनंदच आहे, पण ट्रायल त्यासाठी आखलेली नसते. हे पेशंटला कळलं पाहिजे, आणि तो विचारणारच, "मॅडम, याने बरं होईन ना मी?" तेव्हा पटकन हो निघतं गं तोंडातून. माझ्याही निघालं होतं. एका आजोबांचा मुलगा नोकरी सोडून त्यांच्याबरोबर धर्मशाळेत राहिला, तीन महिन्यांनी स्कॅन वाईट आला तेव्हा तो काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. ते अजून विसरले नाही मी.

म्हणून आशा दाखवूच नकोस असं नाही हं. मेलानोमात आधी डाकार्बाझिन या जुन्या केमोशिवाय फारसं काही नव्हतं, मग 676 जणांच्या ट्रायलमध्ये इपिलिमुमॅब या इम्युनोथेरपीच्या, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या, औषधाने मीडियन आयुष्य (निम्मे पेशंट ज्याच्यापेक्षा जास्त जगतात ते) साडेसहा महिन्यांच्या आसपास होतं ते 10 महिन्यांवर नेलं, 2010 मध्ये ते छापून आलं, आणि पुढे निव्होलुमॅब हे तसलंच दुसरं औषध जोडीला दिलं तर 10 वर्षांनीसुद्धा 43 टक्के लोक हयात. पण ही फेज थ्रीची, म्हणजे तिसऱ्या टप्प्यातल्या मोठ्या ट्रायलची गोष्ट आहे, तिथे औषधाची बरीच माहिती हातात आलेली असते. तुझ्या पेशंटला हे आकडे लावू नकोस.

आणि ट्रायल म्हणजे नवीनच औषध असंही नाही. आपल्या टाटा मेमोरियलने तोंडा-घशाच्या ॲडव्हान्स्ड कॅन्सरमध्ये निव्होलुमॅबचा फक्त 20 मिलिग्रॅम डोस, नेहमीच्या डोसच्या एक दशांशापेक्षाही कमी, बाकीच्या औषधांना जोडून बघितला, तर वर्षभर जगणारे 16 टक्क्यांवरून 43 टक्क्यांवर गेले. ज्या पेशंटला पूर्ण डोस परवडतच नाही त्याच्यासाठी हे केवढं मोठं आहे बघ! मला तर फार अभिमान वाटतो त्याचा.

आता कामाचं. फॉर्म वाचून दाखवलास की लगेच पेन पुढे करू नकोस, काय समजलं ते पेशंटला त्यांच्या शब्दांत सांगायला सांग. घरी नेऊन विचार करू दे. नको वाटलं तर कधीही सोडता येतं, त्याने नेहमीची ट्रीटमेंट थांबत नाही, हे सोबत आलेल्या मुलाला नाही, पेशंटला सांग, त्यांच्याकडे बघून. मराठीतली कॉपी त्यांच्या हातात दे.

अजून एक. इम्युनोथेरपीवर असतील तर जुलाबाचं रोज विचार, "त्रास आहे का" असं नाही, "काल किती वेळा जावं लागलं" असं. ट्रायलमधून काढतील या भीतीने लोक लपवतात, घरीच गोळी घेऊन बसतात, आणि आतडं सुजलेलं असेल तर स्टिरॉइड वेळेत सुरू व्हायला लागतं. पेशंटने घरी रोज त्रास लिहून ठेवायच्या डायरीतले आकडे सगळे दिवस एकाच शाईत, एकसारखे दिसले तर समज की ओपीडीबाहेर बसून भरलेत, रागावू नकोस, शेजारी बस आणि परत विचार.

सोमवारी झालं की फोन कर, कितीही वाजू देत.

तुझी ताई