जुन्या १६ फुटी फायबर बोटीवर ४० हॉर्सपॉवरचं इंजिन बसवून आठ माणसं नेता येतील का?

आठ नाही. माझ्या हिशेबाने चार, आणि तीही मागची फळी धड निघाली तर. तुम्ही लिहिलंय की बोट पंधरा वर्षं जुनी आहे, १६ फूट लांब, साडेपाच फूट रुंद, पूर्वी तिला २५चं टू-स्ट्रोक होतं, आणि विकणारा म्हणतो ‘आठ आरामात बसतात’. बसतील हो, पण बसायला जागा असणं वेगळं आणि बोटीने वजन पेलणं वेगळं. मी देवबागला कर्लीच्या खाडीत अशीच जुनी बोट चालवतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी मागची फळी, म्हणजे ट्रान्सम. फायबर कुजत नाही हे खरं, पण जुन्या बोटींच्या या फळीत बहुधा प्लायवूड असतं आणि त्यावर फायबरचं आवरण. इंजिनाच्या बोल्टांच्या भोकांतून वर्षानुवर्षं पाणी झिरपून आतलं लाकूड मऊ पडतं, बाहेरून रंग मात्र नवा दिसतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने फळीवर ठिकठिकाणी ठोकून बघा. चांगल्या जागी आवाज टणक येतो, कुजलेल्या जागी भद्द. मग आतल्या बाजूने, खालच्या अंगाला एक बारीक भोक पाडा. भुसा कोरडा आणि फिकट आला तर ते भोक इपॉक्सीने बुजवून टाका. काळपट, ओला आला तर फळी बदलल्याशिवाय तिला कुठलंच इंजिन टांगू नका. ४०चं फोर-स्ट्रोक शंभर किलोच्या घरात जातं, आणि वेग घेताना त्याचा सगळा रेटा त्याच फळीवर येतो.

मला विचाराल तर खाडीसाठी २५च पुरे. मागे जास्त वजन आलं की नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर उठते, समोरचं दिसत नाही आणि फळीचा काठ पाण्याजवळ जातो. कुठलंही घ्या, पण आधी ट्रान्समची उंची मोजा: १५ इंच असेल तर शॉर्ट शाफ्ट, म्हणजे आखूड दांड्याचं इंजिन, २० असेल तर लाँग. पंख्याच्या वरची आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या साधारण पातळीत आली पाहिजे. नव्या भोकांच्या आतलं उघडं लाकूड इपॉक्सीने बंद करा, मगच मरीन सीलंट लावून बोल्ट आवळा. साधं सिलिकॉन तिथे टिकत नाही.

आता वजन. अमेरिकेत २० फुटांखालच्या बोटींसाठी एक ढोबळ नियम आहे: लांबी गुणिले रुंदी फुटांत, भागिले १५. तुमचे ८८ भागिले १५, म्हणजे पाच माणसं, तीही शांत पाण्यात आणि सुमारे ६८ किलोची. मी त्यातला एक कमी करतो, कारण जुनी बोट स्वतःच पाणी पिऊन बसलेली असते. आतल्या फरशीखालचा, बोट तरती ठेवणारा फोम एकदा भिजला की वाळत नाही. माझी बोट टेम्पोत घालून वजनकाट्यावर नेली, तेव्हा त्याच साच्यातल्या नव्या बोटीपेक्षा ती ९० किलोंनी जड भरली. म्हणजे कोणी बसायच्या आधीच एक माणूस आत होता! तुम्हीही काटा करून घ्या. शिवाय २५ लिटर पेट्रोलची भरलेली टाकी वीसेक किलो, बॅटरी, नांगर, पाण्याचे कॅन हे सगळं त्याच हिशेबात धरा.

सामान खाली आणि मध्यावर ठेवा. एकदा खाडीच्या तोंडाशी डॉल्फिन दिसले आणि पाचही जण एकदम डाव्या काठाला आले. पाणी आत शिरलं, आणि आतलं पाणीही त्याच बाजूला धावल्यामुळे बोट आणखी कलली. मी ओरडून दोघांना मध्ये खाली बसवलं म्हणून वाचलो. तेव्हापासून निघण्याआधी प्रत्येकाची जागा ठरवतो, लाइफ जॅकेट अंगावर बांधूनच बसवतो, आणि ओहोटीला वारा समोरून असेल तर तोंडाकडे जातच नाही. पैसे घेऊन पर्यटक नेणार असाल तर महाराष्ट्र सागरी मंडळाच्या तपासणीत जो आकडा मिळेल तोच शेवटचा, माझा नव्हे.

पाण्यात उतरवल्यावर पहिल्या दिवशी माणसं घेऊ नका. कंबरभर पाण्यात, काठाजवळ, इंजिन लावून २० लिटरचे भरलेले जार ठेवा, माणशी चार. मग ते सगळे एका काठाला सरकवून बघा. सर्वांत खालचा काठ आणि पाणी यांत वीतभर अंतरही उरलं नाही, तर एका माणसाचे चार जार उतरवा आणि पुन्हा मोजा.