आडनावाचं झालं क्रियापद

प्रश्न : सर, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका दुकानाला 'बॉयकॉट' करायचं ठरतंय. नात म्हणते, हे मुळात कुणाचं तरी आडनाव आहे. खरं का? आणि आपलं 'वाळीत टाकणं' ते हेच ना?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : नातीचं बरोबर आहे, ताई. चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडमधल्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. 1880 साली कुळांनी खंडात चौथ्या हिश्शाची सूट मागितली, मालकाने दहा टक्क्यांवर बोळवण केली आणि बॉयकॉटने थकबाकीदारांना जमिनी सोडण्याच्या नोटिसा काढल्या. त्याच सप्टेंबरात आयरिश पुढारी पार्नेल यांनी एनिसच्या सभेत सांगितलं होतं, की बेदखल कुळाची जमीन जो घेईल त्याला रस्त्यात, दुकानात, चर्चमध्येही एकटं पाडा. लोकांनी तो उपाय या कारभाऱ्यावर चालवला. गडी गेले, दुकानदार माल देईनात, पत्रं पोचेनात. शेवटी पीक काढायला उत्तरेकडून पन्नास मजूर आले, त्यांच्या राखणीला सैन्य. सुमारे पाचशे पौंडांच्या पिकापायी दहा हजार पौंड खर्च झाले असं तेव्हा म्हटलं गेलं! नोव्हेंबरच्या अखेरीस बॉयकॉट गाव सोडून गेला. नाव मात्र क्रियापद होऊन राहिलं, फ्रेंच-जर्मनमध्येही पोचलं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. नाही, ते हेच नव्हे. मेयोत एकटा पडला तो कारभारी, ज्याच्या हाती नोटिसा होत्या. आपल्याकडे जात वाळीत टाकते ती बहुधा अशाला, ज्याच्या हाती काहीच नाही. आपल्याच शहरातलं बघा. 1917 साली डॉ. आंबेडकर परदेशातून शिकून बडोदा संस्थानाच्या नोकरीत आले, तर त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतूनही काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढलं. कमाटीबागेजवळची संकल्पभूमी आजही ती आठवण सांगते. पुढे 1927 मध्ये त्यांनी पाक्षिक काढलं, त्याचं नाव 'बहिष्कृत भारत'. महाराष्ट्राने तर सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा स्वतंत्र कायदा केला आहे.

तेव्हा ग्रुपवर 'दुकानावर बहिष्कार' लिहा, चालेल. 'दुकानदाराला वाळीत टाकू या' असं कुणी लिहिलं, तर मात्र लगेच हरकत घ्या. त्याच्या बायकोशी बोलणं, मुलांचं खेळणं, अडीअडचणीला जाणं, सगळंच त्यात तुटतं.