तोंडातील बुरशी आणि स्वतःची किळस

‘तोंडाला बुरशी लागली म्हणजे मी इतकी अस्वच्छ आहे का?’ हा प्रश्न रुग्णालयाच्या समुपदेशन कक्षात मला सतत ऐकू येतो, आणि विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो संकोचापोटी घरात कोणाजवळही काढलेला नसतो. वास्तविक कॅन्डिडा ही बुरशी असंख्य निरोगी माणसांच्या तोंडातही नांदत असते. स्टिरॉईडचा इनहेलर, प्रतिजैविके, वाढलेली साखर, किरणोपचारांनी कोरडे पडलेले तोंड किंवा रात्रंदिवस बसवलेली कवळी यांमुळे तिला वाढण्यास वाव मिळतो आणि जिभेवर, गालांच्या आत दह्याच्या कवड्यांसारखे पांढरे चट्टे उमटतात.

ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेल्या एका निवृत्त शिक्षिकांना मी येथे नुसते ‘बाई’ म्हणते. त्यांना दमा होता, पूर्ण कवळी होती, आणि निस्टॅटिन या बुरशीनाशक औषधाने गुळण्या करूनही चट्टे जात नव्हते. डॉक्टरांनी तपासून कर्करोगाची शंका नसल्याचे सांगितले होते, तरीही बाईंनी स्वतःचे ताट-वाटी वेगळे काढले होते आणि नातवाला जवळ घेणे थांबवले होते.

“डॉक्टरांचं पटत नाही का, बाई?”

“पटतं हो. पण मग औषध लागू का पडत नाही? आत काहीतरी मोठं असणारच.”

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते, त्यामुळे कोरडा धीर देण्यावर माझा विश्वास नाही. माणसाने काढलेला निष्कर्ष कशावर उभा आहे, हे त्याच्या रोजच्या कृतीत शोधावे, असे माझे मत आहे. पुढच्या भेटीला बाईंना मी दुपारच्या औषधाच्या वेळी, बाटली घेऊनच बोलावले आणि घरी करतात तसेच करून दाखवायला सांगितले.

त्यांनी कवळी न काढताच औषध तोंडात घेतले, डोळे मिटून जेमतेम दोनदा खुळखुळवले, घाईने बेसिनमध्ये थुंकले आणि लगेच पिशवीतून जंतुनाशक माउथवॉशची बाटली काढली.

“एवढी घाई कशाची?”

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “ते आत फिरतं ना, तेव्हा सगळी घाण माझ्या तोंडात फिरतेय असं वाटतं. मला माझीच किळस येते, मॅडम.”

सगळे उत्तर त्या वाक्यात होते. निस्टॅटिन पोटातून रक्तात जवळजवळ शोषले जात नाही. ते जेथे लागते तेथेच काम करते, आणि म्हणून तोंडात घोळवत धरून ठेवण्याचा वेळ हाच त्या उपचाराचा गाभा असतो. शिवाय बाईंच्या माउथवॉशमधील क्लोरहेक्झिडिन हे निस्टॅटिनला निष्प्रभ करते, त्यामुळे दोहोंमध्ये निदान अर्धा तास तरी जाऊ द्यावा लागतो. बाईंची किळस औषधाला टिकू देत नव्हती, आणि औषध टिकत नाही म्हणून भीती वाढत होती. हे मी बोलून दाखवण्याआधीच त्या म्हणाल्या, “म्हणजे औषधाला मी कामच करू दिलं नाही!” वर्गात गणित चुकलेल्या मुलाकडे पाहावे तसे त्यांनी बाटलीकडे पाहिले आणि प्रथमच हसल्या.

त्यानंतर आम्ही घड्याळ समोर ठेवून सराव केला: कवळी बाहेर, औषध गालांत आणि टाळूला लागेल असे हळूहळू फिरवणे, किळस आली तर तिला येऊ देणे, पण थुंकण्याची घाई न करणे. औषध शेवटी गिळायचे की थुंकायचे, हे डॉक्टरांनाच विचारून ठरवले. डॉक्टरांनी औषध बदलण्याची तयारी केली होती. तशी वेळ आली नाही, हे मी थोड्या अभिमानानेच नोंदवते.

अशा रुग्णांना माझे सांगणे असते की चट्टे दिसेनासे झाल्याबरोबर औषध सोडू नये, निस्टॅटिन साधारणपणे त्यानंतरही ४८ तास चालू ठेवतात. रात्री कवळी काढून दंतवैद्यांनी सांगितल्याप्रमाणे स्वच्छ करावी, अन्यथा बुरशी तिच्यावरून पुन्हा तोंडात येते. इनहेलरनंतर पाण्याने चूळ भरून थुंकावे. चट्ट्यांच्या धास्तीने इनहेलरच बंद करणे हा मात्र जिवाशी खेळ आहे. पुसून न निघणारा पांढरा डाग, विशेषतः तंबाखू किंवा मिश्री वापरणाऱ्याच्या तोंडातला, दोन आठवड्यांत गेला नाही, तर गुळण्या करत न बसता तो डॉक्टरांना दाखवावा. गिळताना दुखू लागले तरीही थांबू नये, कारण बुरशी अन्ननलिकेत उतरली असल्यास गुळण्या पुरत नाहीत, पोटातून औषध घ्यावे लागते.